ताज्या लसीचा हट्ट

स्टोअरसाहेबांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण त्यांच्यातला भांडारपाल काही निवृत्त झाला नाही. पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं सुट्या भागांचं कोठार सांभाळलं होतं. एक वायसर बाहेर जायचा तर चिठ्ठी लागे, चिठ्ठीवर सही लागे, आणि सही करण्याआधी समोरच्याला पंधरा मिनिटं ताटकळत ठेवावं लागे. हे शेवटचं नियमात नव्हतं, साहेबांच्या स्वभावात होतं. कामगारांनी चिडवायला म्हणून त्यांना 'स्टोअरसाहेब' केलं. यांना तो किताब वाटला. त्यांनी तो घरी आणून बायकोसमोर मिरवला.

मग घराचंही कोठार झालं. कपाटांना क्रमांक आले. काचेच्या बरणीतून साखर लख्ख दिसत असली, तरी बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी चिकटली. एकदा तर त्यांनी चिठ्ठ्यांच्या डब्यावर 'चिठ्ठ्या' अशी चिठ्ठी लावली आणि चार पावलं मागे सरून बराच वेळ तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले.

त्यांच्या बायकोनं हे सगळं बघितलं आणि चालू दिलं. तीस वर्षं तिनं बालवाडीत शिकवलेलं, त्यामुळे गल्लीतले लहानथोर तिला बाईच म्हणत. चार वर्षांच्या पोरांचे हट्ट पुरवायचे नाहीत, मोडायचेही नाहीत, नुसते विरू द्यायचे, ही विद्या बाईंना चांगली येत होती. घरी तीच कामाला यायची. फरक एवढाच, की शाळेतली पोरं वर्ष संपलं की पुढच्या वर्गात जायची.

सफारीचं वेड मुळात बाईंचं. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला जिराफ होता, मान थेट छताला टेकलेली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका चिमुरडीनं विचारलं होतं, "बाई, हा खाली कसा बसतो?"

"बसतो की, आपल्यासारखाच," बाईंनी ठसक्यात सांगितलं होतं.

पोरगी समाधानानं खेळायला पळाली, आणि ते उत्तर बाईंच्या घशात अडकलं ते अडकलंच. त्यांनी जिराफ बघितलेलाच नव्हता. गावातल्या प्राणिसंग्रहालयात एक म्हातारं अस्वल होतं आणि बाकी सगळे फलक. पुस्तक उघडून खरंखोटं करता आलं असतं, पण बाईंच्या मनानं घेतलं, की ज्याच्याबद्दल लेकरांना थाप मारली त्याला एकदा डोळ्यांनी बसलेला बघायचा. म्हणून शाळेतल्या जुन्या शिक्षिकांचा आणि त्यांच्या नवऱ्यांचा बारा जणांचा गट पूर्व आफ्रिकेला निघाला, तेव्हा पहिलं नाव बाईंनी दिलं.

"जनावरं बघायला एवढ्या लांब?" साहेब म्हणाले. "घरातला टीव्ही काय बंद पडलाय?"

"मग तुम्ही टीव्ही बघा. मी जाऊन येते."

एकटी जाते म्हटल्यावर मात्र साहेबांची झोप उडाली. तिसऱ्या दिवशी दुकानातून जाडजूड निळी फाईल घेऊन आले आणि तिच्या पाठीवर चिठ्ठी लावली, 'सफारी'.

"तुझ्याच्यानं हे निभायचं नाही. तयारी लागते, तयारी. मी बघतो."



तयारी सुरू झाली ती पायांपासून. साहेबांनी घोट्यापर्यंतचे बूट आणले. नवे बूट आधी घरात वापरून सैल करावेत असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, तेवढं बरोबरच होतं. पण सैल करणं म्हणजे सकाळी सहा वाजता जेवणाच्या टेबलाभोवती धाडधाड चाळीस फेऱ्या. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले आणि त्यांनी हात जोडून विचारलं, "साहेब, भिंत कोणती पाडताय ते सांगा, म्हणजे आम्ही त्या खोलीत झोपत नाही."

मग दुर्बीण आली. तिचा सराव गच्चीतून. समोरच्या इमारतीतल्या बाईनं दोन दिवस पडदा ओढून घेतला, तिसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन उभा राहिला. "मी झाडावरचे पक्षी बघत होतो," साहेब म्हणाले. दोन्ही इमारतींच्या मधे झाड म्हणावं असं काहीच नव्हतं. त्या माणसाला बाईंनी चहा पाजून परत पाठवलं.

कपडे साहेबांनी स्वतः निवडले. बाईंना विचारायचा प्रश्नच नव्हता. सगळे गडद निळे, मळ दिसत नाही म्हणून. वर एक फौजी ठिपक्याठिपक्यांचं जाकीट, झुडपात मिसळून जायला. ते घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि पोट आत घेऊन विचारलं, "दिसतो का मी?"

"दिसता तर," बाई म्हणाल्या. "आरसा भरून दिसता."

सगळं सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत गेलं. मोजे क्रमांक एक, मोजे क्रमांक दोन, मलम, बॅटरी, सुईदोरा. एकूण त्रेचाळीस पिशव्या, त्रेचाळीस चिठ्ठ्या. पिशव्या गेल्या एका कडक सुटकेसमध्ये. ती इतकी मोठी होती, की साहेब तिच्यावर बसून फाईल वाचत आणि पाय जमिनीला टेकत नसत. फाईलला हात लावायची बाईंना मुभा नव्हती. पान बघायचं असेल तर आधी सांगायचं, मग साहेब ते काढून स्वतःच्या हातात धरून दाखवणार.

प्रवासाला महिना उरला असताना शेजारच्या सिस्टर घरी आल्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, बोलणं मोजकं आणि नेमकं. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "पिवळ्या तापाची लस घेतलीत का दोघांनी? तिथे उतरताना तिचं पुस्तक बघतात. आमच्याकडे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असते ती."

"घेणार. शेवटी," साहेब म्हणाले.

"शेवटी म्हणजे कधी?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. शिकवायची संधी ते सोडत नसत. "सिस्टर, आमच्याकडे डब्यातला गोंद यायचा. मुदत तीन महिने. माझ्या आधीचा भांडारपाल वर्षाचा गोंद एकदम भरून ठेवायचा. निम्मा वाळायचा. मी काय केलं? काम उद्या असेल तर गोंद आज. एकतीस वर्षांत एक डबा फुकट गेला नाही. आता लस. आज टोचून घेतली, तर तिथे जाईपर्यंत तिच्यात जोर काय राहणार? निघायच्या तीन दिवस आधी घ्यायची. ताजी."

सिस्टरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे.

"साहेब, लस म्हणजे गोंद नव्हे. ती अंगात भिनायला वेळ लागतो. किमान दहा दिवस..."

"तुम्ही टोचायचं काम करा. माल कधी उचलायचा ते मला कळतं."

सिस्टर उठल्या. जाताना दारात बाईंना हळूच म्हणाल्या, "शुक्रवारी आठला या. तुमच्यापुरतं तरी आटपून टाकू."

शुक्रवारी बाई एकट्या गेल्या. दवाखान्याच्या लांबलचक बाकावर त्या दीड तास बसल्या. डॉक्टरांनी वय विचारलं, आधीची आजारपणं विचारली, नीट तपासलं आणि दंडात सुई टोचली. हिवतापाच्या गोळ्याही कधीपासून घ्यायच्या ते कागदावर लिहून दिलं. लसीची नोंद असलेलं पिवळं पुस्तक पर्समध्ये ठेवून बाई घरी आल्या, तर साहेब बुटांच्या फेऱ्या मारत होते.

"घेतलीस शिळी करून?" ते फेरी न थांबवता म्हणाले.

"अहो, सिस्टर दहा दिवस म्हणत होत्या. तुम्हीही मंगळवारी घेऊन टाका ना."

"त्या रोज दहा जणांना टोचतात. तोच आकडा बसलाय डोक्यात."

पुढच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. शाळेतही त्यांचा हाच नियम होता. घसरगुंडीवर उलटं चढू नकोस, हे तीनदा सांगायचं. नंतर खाली वाळू आहे ना, एवढंच बघायचं.

निघायला आठ दिवस राहिले तेव्हा सफारी कंपनीनं सगळ्यांना कचेरीत बोलावलं. लांब खोली, मधे लांब टेबल, भोवती बारा खुर्च्या. कंपनीची मुलगी पंचविशीची होती, केस मागे घट्ट बांधलेले, हातात एकच कागद. साहेबांनी निळी फाईल टेबलावर अशी आपटली, की पाण्याचे पेले हलले.

"पहिलं, बॅगा," मुलगी म्हणाली. "जंगलात आपण छोट्या विमानानं जाणार. माणशी पंधरा किलो, आणि बॅग मऊच हवी. कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही."

"अहो मॅडम, कडक असली म्हणजे सामान सुरक्षित राहतं," साहेब म्हणाले.

"हो काका. पण ते इथेच सुरक्षित राहील."

बाईंच्या शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या शिक्षिकेनं खोकल्याचं सोंग केलं.

"दुसरं, प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. तिथे बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. तिसरं, फौजी ठिपक्यांचे कपडे नकोत, तिकडे ते फक्त सैनिकांनी घालायचे असतात. आणि गडद निळा नि काळा टाळा. एक चावरी माशी असते, तिला ते रंग फार आवडतात. मातकट, फिकट रंग घ्या."

साहेब गडद निळा सदरा घालूनच आले होते. सगळ्या टेबलानं सदऱ्याकडे बघितलं. साहेबांनी फाईल उघडून तिच्यात नाक खुपसलं.

"आता पिवळी पुस्तकं काढा. मला तारखा बघायच्यात."

अकरा पुस्तकं टेबलावर आली. मुलीनं मोजली, पुन्हा मोजली. "काका, तुमचं?"

"माझं अजून पाच दिवसांनी होईल. म्हणजे निघायच्या तीन दिवस आधी. ताजी घेणार आहे मी."

मुलीनं कागद खाली ठेवला. "काका, लस टोचल्यावर दहा दिवसांनी पुस्तक लागू होतं. अगदी आज घेतलीत तरी आपण उतरू त्या दिवशी ते चालणार नाही."

"असं कसं चालणार नाही? मी स्वतः सांगतो त्यांना."

"काय सांगाल?"

"ताजी आहे म्हणून!"

आता कुणी खोकल्याचंही सोंग केलं नाही, सरळ हसले. साहेब तांबडेलाल झाले. हे आधी का कळवलं नाही, ही काय पद्धत झाली, एकतीस वर्षांत असा गलथानपणा बघितला नाही, अशी सरबत्ती त्यांनी सुरू केली. मुलगी शांतपणे म्हणाली, "पहिल्याच पत्रात आहे, काका. चौथा मुद्दा. तुमच्याच फाईलमध्ये असेल."

फाईलमध्ये होतंच. घरी आल्यावर साहेब तोंडावर पांघरूण घेऊन भरदुपारी आडवे झाले, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा त्या फाईलला हात लावला. पहिलं पत्र, नीट भोकं पाडून लावलेलं. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा. चौथ्या मुद्द्यावर साहेबांची स्वतःची चिठ्ठी होती, चारी कडांनी घट्ट चिकटवलेली, 'लस: सर्वांत शेवटी'. बाईंनी नखानं कोपरा उचलला. खाली 'किमान दहा दिवस आधी' ही अक्षरं ठळक छापलेली होती. यांनी ती वाचायच्या आधीच त्यांच्यावर आपलं मत चिकटवून टाकलं होतं.

बाईंना हसू आलं. मग वाटलं, आपण चौथ्यांदा सांगायला हवं होतं का? त्यांनी मनाशी विचार केला आणि स्वतःलाच उत्तर दिलं: चौथ्यांदा सांगितलं असतं, तर या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी लागली असती.

संध्याकाळी साहेब उठले आणि निकाल देऊन मोकळे झाले. "दोघांचं रद्द करून टाकू. पुढच्या वर्षी बघू. या वेळी घाई झाली."

"घाई?" बाई म्हणाल्या. "तुम्ही पाच महिने टेबलाभोवती चालताय."

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. तिच्यापर्यंत वार्ता पोचली होती, अर्थातच दादाकडून, आणि दादाला सोयीची तेवढीच. "वहिनी, तू म्हणे एकटी जायचं म्हणतेस? दादाला मागे टाकून? लोक काय म्हणतील गं?"

"लोक विचारतील, साहेब का नाही आले. काय सांगू ते तूच सुचव."

"सांग तब्येत बरी नाही."

"म्हणजे आजारी नवऱ्याला टाकून गेले असं होईल. त्यापेक्षा खरं कारण सांगते."

नणंद घुटमळली. "नको, खरं नको सांगूस." आणि तिनं फोन ठेवला.

एवढं बोलल्या खऱ्या, पण बाईंचा पाय अडकला होता. समोर साहेब खुर्चीत बसले होते, बूट काढलेले, मोज्यातून अंगठा डोकावत होता. चौतीस वर्षांचा संसार. इतक्या वर्षांत त्या एकट्या कुठे गेल्या नव्हत्या, आणि हा माणूस एकटा राहिला नव्हता. त्याला चहा करता येत होता, पण चहाचा डबा कुठल्या क्रमांकाच्या कपाटात आहे ते कपाटांच्या यादीत बघावं लागे. बाईंनी उसासा टाकला. चित्रकलेच्या शिक्षिकेला फोन करून 'माझंही नाव काढ' असं सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. फोन हातात होता.

साहेबांना तेवढ्यात जोर आला. बायको नरमली की ती त्यांना वासानं कळायची.

"आणि आहे काय तिथे एवढं? जिराफच ना? तो कसा बसतो हेच ना तुझं? मी सांगतो. बसत नाही तो. उभ्यानंच झोपतो. एवढ्या उंचीचं जनावर खाली बसेल तर उठेल कसं? साधा हिशेब आहे. झालं समाधान?"

बाईंनी फोन टेबलावर ठेवला.

त्यांना तो आवाज ओळखीचा वाटला. तो त्यांचाच होता, तीस वर्षांपूर्वीचा. तेच न बघता दिलेलं उत्तर, तोच ठसका. फक्त त्यांच्या घशात ते अडकलं होतं. यांच्या घशातून ते कसं सुळकन गेलं होतं.

"मी जाणार आहे," बाई म्हणाल्या. "बघून सांगते."

पुढचे सहा दिवस साहेब बोलले नाहीत, म्हणजे नेहमीपेक्षा थोडं कमी बोलले. बाईंनी जुन्या चादरी फाडून सुती पिशव्या शिवल्या, नाडीच्या. चित्रकलेच्या शिक्षिकेकडून मऊ बॅग आणली. दोन मातकट सदरे, एक स्वेटर, कारण पहाटे उघड्या गाडीत थंडी वाजते म्हणे, मऊ टोपी, गोळ्या, पिवळं पुस्तक. भरलेली बॅग त्यांनी साहेबांच्या वजनकाट्याला अडकवली. नऊ किलो.

"काहीतरी राहिलंय," साहेब दारातून म्हणाले. "इतकं कमी भरतं कधी?"

"राहिलंय खरं. दुर्बीण."

दुर्बीण होती कपाट क्रमांक चारमध्ये, आणि किल्ली साहेबांच्या कमरेला. साहेबांनी हाताची घडी घातली. बाईंनी टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, सगळ्यात वरची चिठ्ठी काढली आणि बालवाडीच्या फळ्यावरच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दुर्बीण, एक. नेणार: बालवाडीच्या बाई. परत: तेरा दिवसांनी.' चिठ्ठी साहेबांपुढे धरली.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. उलटून मागं बघितलं. खिशातून पेन निघालं. एकतीस वर्षांची सवय, नीट भरलेली चिठ्ठी समोर आल्यावर तो हात स्वतःचा राहत नसे. पंधरा मिनिटं मात्र त्यांनी घेतलीच. मग सही केली, किल्ली काढली आणि दुर्बीण देताना म्हणाले, "पट्टा गळ्यात अडकव. हातात धरून नाचू नकोस."

विमानतळावर ते सोडायला आले, गडद निळ्या सदऱ्यात. गटातल्या एकीचा जावईही तिला सोडायला आला होता. साहेबांनी त्याला गाठून खांबापाशी उभं केलं होतं. बाई आत जाण्यासाठी वळल्या तेव्हा त्यांना साहेबांचा आवाज ऐकू आला.

"पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी घ्यावी लागते. लोकांना हे ठाऊकच नसतं. ऐनवेळी धावतात. तयारी लागते, तयारी."

जावई बिचारा मान डोलावत होता. बाईंनी मागे वळून बघितलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे गाडी गवताळ माळावर थांबली. बाईंनी पट्टा गळ्यात अडकवून दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही. दुपारी मुक्कामावर फोन लागला.

"बसतो," बाई म्हणाल्या. "पाय पोटाखाली दुमडून बसतो. मान मात्र ताठ. आणि उठतोही, आधी गुडघ्यांवर येतो, मग मागून."



"तरुण असेल," साहेब म्हणाले. "म्हातारे नसतील बसत."

बाईंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि गाडीकडे निघाल्या. दुर्बीण परत करायला अजून नऊ दिवस होते.